जुनी पाँटून बोट : आधी नळकांडी, मग रंग



संस्थेच्या शेडमध्ये एप्रिलपासून जी चपटी बोट उलटीपालटी होत होती ती आता पाण्यात आहे हे सगळ्यांनी बघितलेच. ऑफिसात पावती फाडायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "सेक्रेटरीबाब, ते भंगार घेऊन काय केलं?" प्रत्येकाला वेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. दुसरे कारण असे की आपल्यापैकी तीन-चार जणांना अशा जुन्या पाँटून बोटी विकत मिळत आहेत. खाडीत पर्यटकांसाठी आणलेल्या बोटी मालक आता काढून टाकतात. स्वस्त वाटतात म्हणून घाई होते. पैसे देण्याअगोदर हे वाचा. लेख लांब आहे, मध्ये थोडे गणित पण आहे.

प्रथम पाँटून म्हणजे काय ते बघू. आपली होडी तरंगते ती तिच्या पोटामुळे. पाँटूनला पोटच नाही. खाली दोन बंद नळकांडी, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, त्यांच्यावर प्लायवूडचा सपाट डेक. तांडेल काकांनी पहिल्याच दिवशी बघून सांगितले, "ही म्हणजे होडी काढून टाकलेली आणि दोन उलांडी ठेवलेली." याच्यापेक्षा सोपे मला सांगता येणार नाही. आपल्या भाषेत तर याला जुना शब्द आहे, सांगड. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या आणि माल नाहीतर गुरे पार करायची, ती सांगड. आपण रोज म्हणतो ना, या गोष्टीची त्या गोष्टीशी सांगड घाल, तो हाच शब्द.

आजच्या पद्धतीची पाँटून मात्र अमेरिकेतली. मिनेसोटा राज्यात अँब्रोज वीरेस नावाच्या एका शेतकऱ्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन पोलादी नळकांड्यांवर लाकडी डेक बसवून ती तळ्यात सोडली, आणि तिथून हा धंदा वाढला. तळ्यात, हे लक्षात ठेवा. ही बोट जन्माला आली ती संथ पाण्यासाठी. मांडवी, झुवारी, शापोरा, साळ, कुठल्याही नदीच्या आत ती राणी आहे. मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावर जिथे लाट फुटते तिथे तिला नेऊ नये. पुढून लाट आली की ती लाटेवर चढत नाही, डेकची पुढची कड लाटेच्या खाली जाते. हे आमच्या कमिटीने ठरावातच लिहून टाकले आहे.

मग आपल्याला ती कशाला हवी? चोणकाच्या पिंजऱ्यांसाठी. पिंजऱ्यावर काम करताना होडी एका बाजूला कलते. जाळे उचलायचे तर दोघांनी वजन सांभाळत बसायचे आणि एकाने ओढायचे. खाद्याच्या गोण्या, बदलायची जाळी, मासे काढायचे टब, सगळे अरुंद होडीत. ज्यांचे गुडघे गेले, जे आता बाहेर समुद्रात जाऊ शकत नाहीत, त्यांना हे काम करायचे आहे पण होडीत चढ-उतार जमत नाही. सपाट डेक मिळाला तर साठी ओलांडलेले आपले चार-पाच सभासद परत कामावर येतात. बोट घेण्याचे खरे कारण हे. बाकी सर्व नंतर.

आता बोट बघायला गेलो तेव्हाचे. एका हॉटेलवाल्याकडे ती तीन पावसाळे माडांखाली पडून होती. वरून बघितली तर अगदी वाईट. सीट फाटलेल्या, डेकवर पाय ठेवला की पाय खाली जायचा, छताचा कपडा गेलेला. बरोबर आलेले दोघे म्हणाले, चला घरी. मी मात्र म्हणेन की पाँटून बघताना डेकच्या वर बघूच नका. वरचे सगळे प्लायवूड, रेक्झिन आणि रंग, ते बाजारात मिळते. बोटीची किंमत तिच्या दोन नळकांड्यांत आणि आडव्या चॅनेलमध्ये असते. ती चांगली तर बाकीचे काम मेस्ताचे. ती गेलेली असतील तर वर नवीन सोफा लावलेली बोट पण भंगारच. आणि हल्ली विकणारे लोक नेमके उलटे करतात, वर रंग मारून चकाचक करतात आणि खाली बघायला देत नाहीत. पाण्यात असलेली पाँटून पाण्यात ठेवूनच विकायला काढली असेल तर ती अगोदर वर घ्यायला सांगा. नाही म्हणाला तर परत फिरा.

नळकांडे बघायचे कसे? पहिले काम, बोटीखाली वाकून मागच्या टोकाचे ड्रेन प्लग उघडणे. बहुतेक पाँटूनमध्ये एक नळकांडे आतून दोन-तीन कप्प्यांत विभागलेले असते, म्हणजे एका ठिकाणी भोक पडले तरी पूर्ण नळकांडे भरत नाही. आमच्या बोटीला दर बाजूला तीन कप्पे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा प्लग आहे, हे नशीब. डाव्या बाजूच्या मागच्या कप्प्यातून बारा बादल्या पाणी निघाले. बाकीच्या कप्प्यांतून कुठे वाटीभर, कुठे काहीच नाही.

वाटीभर पाण्याला घाबरू नका. बंद नळकांड्यात रात्री थंडीने आतल्या हवेचा दमटपणा पाणी होऊन सुटतो. ओळखायचे कसे, तर तांडेल काकांनी बोट बुडवून जिभेला लावले. वाटीभर पाणी गोडे होते, बारा बादल्यांचे खारट होते. खारट म्हणजे खाडीचे, म्हणजे भोक आहे. अर्थात हे निदान उन्हाळ्यातच चालते. पावसाळ्यात वरची खाडी सगळी गोडी होते, तेव्हा चवीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर जीभ लावू नका, बिडी तर अजिबात पेटवू नका.

बारा बादल्या म्हणजे साधारण पावणेदोनशे किलो. तेवढे वजन एकाच बाजूला, मागच्या कोपऱ्यात, आणि कुणाला दिसत नाही. अशी बोट चालवणारा म्हणतो, "इंजिन जड आहे म्हणून मागे बसते." इंजिन जड नसते. पाणी वाढत जाते, बोट आणखी बसते, मग एखाद्या दिवशी गर्दी त्या बाजूला सरकते.

भोक आहे हे कळले, पण कुठे ते शोधायला हवेची परीक्षा करावी लागते. इथे फार जण चूक करतात म्हणून थोडा थांबतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून नळकांड्यात हवा भरायची नाही. आमच्या नळकांड्याचा व्यास २ फूट, म्हणजे टोकाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस इंच. दर चौरस इंचावर ३ पौंड दाब, म्हणजे ज्याला ३ पीएसआय म्हणतात, एवढासा दिला तरी त्या झाकणावर ६०० किलोचा जोर येतो. स्कूटरच्या टायरएवढा ३० पीएसआय दिला तर ६ टन. अडीच मिलिमीटरच्या पत्र्याचे वेल्डिंग तिथे फाटणार आणि झाकण समोरच्याच्या छातीवर येणार. आपल्याला लागतो तो फक्त दीड पीएसआय.

एवढा कमी दाब टायरच्या काट्यावर नीट दिसत नाही. त्याला गवंड्याची लेव्हल पाईप चालते, ती पारदर्शक असते ती. तिचा इंग्रजी यू सारखा आकार करून भिंतीच्या फळीवर बांधायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक नळकांड्याच्या प्लगला जोडायचे आणि दुसरे उघडे ठेवायचे. हवा भरली की एका बाजूचे पाणी खाली जाते, दुसऱ्या बाजूचे वर चढते. दोन्ही पातळ्यांत साडेतीन फुटांचा फरक पडला की दीड पीएसआय झाला. हवा भरायला सायकलचा पंप पुरे. एक पोरगा पंप मारतो, दुसरा पाईप बघतो. जास्त झाली तर पाणी पाईपच्या वरून बाहेर उडते आणि दाब आपोआप सुटतो, म्हणजे धोका पण नाही. मग साबणाचे पाणी ब्रशने सगळ्या वेल्डिंगवर, सगळ्या ब्रॅकेटच्या पायथ्याला आणि तळावर लावायचे. जिथे बुडबुडे, तिथे खडूने गोल.

हे काम सकाळी, सावलीत करावे. ऊन चढले की आतली हवा तापून फुगते. पंधरा डिग्री तापली तरी जवळजवळ पाऊण पीएसआयचा फरक पडतो. मग गळती असून सुद्धा पाणी खाली येत नाही आणि आपल्याला वाटते, पास.

आमच्या बोटीला पाच गोल पडले. दोन ठिकाणी तळाशी पुढे, जिथे बोट वर्षानुवर्षे दगडी उतारावरून ओढली होती आणि पत्रा घासून कागदासारखा झाला होता. एक ब्रॅकेटच्या कोपऱ्यात, वेल्डिंग तडकलेले. आणि दोन अगदी सुईच्या टोकाएवढी, डाव्या बाजूला मागे, बारा बादल्यांच्या कप्प्याला. या दोन भोकांची गोष्ट सर्वांनी ऐकावी.

तिथे कुणीतरी पितळी फिटिंग सरळ ॲल्युमिनियमवर बसवले होते. पितळेत तांबे असते. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात ठेवले की ती बॅटरी होते, आणि त्या बॅटरीत खर्च होतो तो ॲल्युमिनियम. पितळ चकचकीत राहते, शेजारचा पत्रा पांढरी पूड होऊन झडतो. त्याच्यावर मागच्या मालकाने एपॉक्सीची पुट्टी लिंपली होती. पुट्टीने पाणी आठ दिवस थांबते, खाण्याचे काम आत चालूच राहते.

आता आपल्या घराघरातली गोष्ट. लाकडी नाहीतर फायबरच्या होडीला आपण खालून जो लाल रंग मारतो, कालवं-शेवाळ धरू नये म्हणून, त्यात बहुतेक वेळा तांब्याचे ऑक्साईड असते. अर्धा डबा उरला म्हणून तो पाँटूनच्या नळकांड्यांना मारायची लालूच होते. मारू नका. पितळेचे फिटिंग एका जागी खाते, हा रंग अख्ख्या नळकांड्याला खाईल. शिशाचा लाल प्रायमर, रेड लेड, तो पण नको. ॲल्युमिनियमसाठी तांबे नसलेला अँटीफाऊलिंग वेगळा मिळतो, त्याच्याखाली एपॉक्सी प्रायमर. दुकानदाराला "बोटीचा रंग द्या" असे न म्हणता डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या. समजले नाही तर डब्याचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा.

साफ करताना पण सांभाळून. चिकटलेले बार्नेकल काढायला फरशी धुण्याचे ॲसिड नको, कॉस्टिक सोडा तर नकोच. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खाते आणि वर हायड्रोजन वायू सोडते, जो पेट घेतो. आम्ही प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पाण्याचा प्रेशर पंप वापरला. तीन दिवस गेले, सहा जणांचे हात सोलले. पण पत्रा शाबूत राहिला.

आता वेल्डिंग. आपल्या गावात ग्रिल-गेट करणारे वेल्डर चांगले आहेत, पण ॲल्युमिनियम त्यांचे काम नाही. ॲल्युमिनियम स्वतः ६६० डिग्रीला वितळते, पण त्याच्यावर हवेने जो ऑक्साईडचा पातळ पापुद्रा धरतो तो वितळायला २००० च्या वर डिग्री लागतात. म्हणजे पापुद्रा तसाच असतो आणि आतला धातू पातळ होऊन खाली गळतो. लोखंडासारखे लाल होऊन सांगत पण नाही, एकदम भोक पडते. म्हणून आर्गॉन वायूचे टिग वेल्डिंग लागते, आणि ते सुद्धा एसी करंटवर, ज्याने तो पापुद्रा फुटत जातो. वास्को बाजूला बोटींची कामे करणारा एक जाणकार मिळाला. त्याने पहिला प्रश्न विचारला, पत्रा कुठल्या ग्रेडचा? पाँटूनला बहुतेक करून ५०५२ ग्रेड वापरतात, त्याला ५३५६ ची फिलर रॉड चालते. हा प्रश्न न विचारणारा वेल्डर असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

वेल्डिंगच्या आधी सगळे प्लग उघडून प्रत्येक कप्प्यात दिवसभर ब्लोअरने हवा सोडली. दोन कारणे. बंद कप्पा तापला की आतली हवा फुगून ताज्या वेल्डिंगमधून बाहेर फुटते. आणि बंद नळकांड्यात पाणी साचून पत्रा सडत असेल तर आत हायड्रोजन किंवा सांडलेल्या पेट्रोलची वाफ असू शकते. ठिणगी पडली तर नळकांडे नाही राहणार आणि माणूस पण नाही.

सुईची भोके वरून टिपके देऊन बुजवली नाहीत. भोवतालचा खाल्लेला भाग कापून काढला आणि गोल कोपऱ्यांचा तुकडा घालून चारी बाजूंनी वेल्ड केला. चौकोनी तुकड्याच्या टोकातून तडा सुरू होतो म्हणून गोल. पुढे तळाशी घासलेल्या जागी जाड पट्टी वेल्ड करून घेतली, म्हणजे यापुढे घासेल ती पट्टी, नळकांडे नव्हे. मग परत लेव्हल पाईप, परत साबण. दुसऱ्या वेळी एक बुडबुडा राहिला होता, तिसऱ्या वेळी साफ. रात्रभर हवा कोंडून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला पातळी बघितली, तीच. हे सर्व मे महिन्यात, पाऊस पडायच्या आत. दमट हवेत वेल्डिंगही बिघडते आणि प्रायमरही धरत नाही. जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या बंदीत हात मोकळे असतात म्हणून सगळे काम तेव्हा काढायचा आपला स्वभाव आहे, पण या बोटीचे निम्मे काम बंदीच्या अगोदरच व्हायला पाहिजे. बंदीत शेडखाली करायचे ते डेकचे.

डेकला फार शब्द घालवत नाही, कारण आपले मेस्त हे काम माझ्यापेक्षा जास्त जाणतात. मरिन प्लाय म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला घ्या, ३०३ वाला नव्हे. आमचा डेक २० बाय ८ फूट, म्हणजे ८ बाय ४ चे पाच पूर्ण शीट, १९ मिलिमीटरचे. कापलेल्या कडा आणि प्रत्येक बोल्टचे भोक एपॉक्सीने बंद केले. प्लाय सडतो तो कडेवरून आणि भोकातून, मधून कधी सडत नाही. तांब्याचे औषध पाजलेले लाकूड ॲल्युमिनियमवर ठेवू नका, कारण वर सांगितलेच. डेक टाकायच्या आधी चॅनेलच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजले. पाऊण इंचाचा फरक आला. दोन ब्रॅकेट सैल करून बरोबर केला. कर्ण सारखे नसतील तर नळकांडी समांतर राहत नाहीत आणि बोट आयुष्यभर एका बाजूला ओढते.

झिंकच्या वड्या आपण होडीच्या पंख्याजवळ लावतो, तशाच पाँटूनला लागतात. खाऱ्या पाण्यात झिंक किंवा ॲल्युमिनियमच्या वड्या, आणि आपल्या खाडीसारखे पाणी पावसाळ्यात गोडे आणि उन्हाळ्यात खारे होत असेल तर ॲल्युमिनियमच्या बऱ्या. वडी अर्धी झिजली की बदलायची. वडीवर रंग मारायचा नाही. हे सांगायचे कारण एका सभासदाने "चांगली दिसावी" म्हणून वडीला पण ब्रश मारला होता. हेतू चांगला होता, पण ती घासून परत उघडी करावी लागली. बॅटरीच्या वायरी नळकांड्याला किंवा चॅनेलला टेकू देऊ नका, निगेटिव्ह सुद्धा वेगळ्या वायरने बॅटरीपर्यंत परत न्यायची.

आता ज्या विषयावर मीटिंगमध्ये दोन तास गेले तो. बोट उभी राहायला लागली तशी काही तरुण सभासदांची कल्पना आली की सीझनमध्ये पर्यटक घ्यावे, वरती दुसरा मजला करावा, पंचवीस माणसे बसतील. "खालती गाणी, वरती फोटो," असे शब्द. मी त्यांना वाईट म्हणत नाही, पैसे कुणाला नकोत. पण मी फळ्यावर हिशोब मांडला तो इथे देतो.

२ फूट व्यासाचे, २० फूट लांबीचे नळकांडे म्हणजे सुमारे ६३ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी. म्हणजे नळकांडे पूर्ण बुडाले तर ते साधारण १७७० किलो पेलते. पुढचे टोक निमुळते आहे ते वजा करून १७०० धरू. दोन नळकांडी, ३४०० किलो. पण पाँटून पूर्ण बुडवायची नसते, नळकांडे निम्म्यापेक्षा जास्त पाण्यात जाऊ द्यायचे नाही. वरचे निम्मे हा आपला राखीव साठा. लाट, वारा, एका बाजूला सरकलेली गर्दी, हे सगळे त्या राखीव साठ्यातून भागते. म्हणजे उरले १७००. त्यात नळकांडी, चॅनेल, डेक, रेलिंग, इंजिन, पेट्रोल, बॅटरी मिळून बोटीचे स्वतःचे ७५० किलो. हातात राहिले ९५०. पंचवीस माणसे ७५ किलोच्या हिशोबाने १८७५ किलो. बसतील का, बसतील. बोट बुडेल का, लगेच नाही. पण नळकांडी पाऊण भागाच्या वर पाण्यात जातील आणि राखीव साठा निम्म्यापेक्षा जास्त संपलेला असेल.

आणि पाँटूनचा स्वभाव असा की ती कलताना इशारा देत नाही. होडी डुलते, आपल्या पायाला कळते. पाँटून दोन नळकांड्यांवर टेबलासारखी स्थिर उभी असते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण एका बाजूचे नळकांडे पूर्ण पाण्याखाली गेले की त्या बाजूला धरून ठेवायला काहीच उरत नाही. मग वरच्या मजल्यावर दहा जण असले आणि डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एका कठड्याला आले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. माझे मत मीटिंगमध्ये दिले ते इथेही देतो : पाँटूनवर दुसरा मजला ज्याने मुळात बांधलेला नाही त्याने नंतर चढवू नये. पैसे घेऊन प्रवासी नेणार असाल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्स कडून नोंदणी आणि सर्वे लागतो, तो वेगळाच. ठराव बहुमताने झाला, बोट पिंजऱ्यांच्या कामालाच. सहा माणसे आणि ४०० किलो माल, किंवा माल नसेल तर दहा माणसे. दर माणशी एक लाईफ जॅकेट, अंगावर, सीटखाली नव्हे.

त्याच मीटिंगमध्ये आपल्या एका वहिनीने मागून प्रश्न केला, "रेलिंग कंबरेच्या वर आहे की खाली?" सगळे गप्प. बांधणाऱ्यांनी ते गुडघ्याच्या थोडे वर ठेवले होते, जाळे ओढायला सोपे म्हणून. गोणी घेऊन मागे सरकणारा माणूस गुडघ्याला अडकून सरळ पाण्यात जातो. आता तीन बाजूंना कंबरेच्या वर आहे, आणि पिंजऱ्याच्या बाजूला साखळीचे फाटक केले आहे, काम करतानाच उघडायचे. सूचना पुरुष सभासदांपैकी कुणाला सुचली नव्हती, म्हणून इथे नोंद.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात सोडली तेव्हा नारळ फोडला, पण लगेच कुणाला चढू दिले नाही. नळकांड्यांच्या निम्म्यावर पांढऱ्या रंगाची रेघ आधीच मारून ठेवली होती. मग डेकवर २०० लिटरची चार पिंपे ठेवून ती पाण्याने भरली. पिंपाचे वजन काट्यावर मोजायला नको, लिटरला किलो. ८०० किलो झाल्यावर रेघ पाण्याच्या तीन बोटे वर होती. फळ्यावरचा हिशोब खाडीने मान्य केला. मग दोन पिंपे रिकामी करून उरलेली दोन एका बाजूला ढकलली, किती कलते ते बघितले. शेवटी सहा जण पुढच्या कोपऱ्यात उभे केले. पुढची कड इतकी खाली गेली की एकाच्या चपला भिजल्या. हसले सगळे, पण तेव्हापासून पुढच्या चार फुटांत पिवळी रेघ आहे, बोट चालू असताना तिच्या पलीकडे कुणी उभे राहायचे नाही. बोट रात्रभर तशीच ठेवली, सकाळी प्लग तपासले. सहाही कप्पे कोरडे.

आता ती रोज सकाळी पिंजऱ्यांवर जाते. तांडेल काका दोन वर्षांनंतर परत कामावर आले आहेत, खुर्ची टाकून जाळे शिवतात आणि बाकीच्यांना ओरडतात, पूर्वीसारखे. खर्चाची सगळी बिले फाईलमध्ये लावून ठेवली आहेत. ऑफिसच्या वेळेत येऊन कुणीही बघावी, झेरॉक्स हवी तर ती पण मिळेल.

देखभालीचे ठरले आहे ते असे. दर अमावस्येला मोठ्या ओहोटीच्या वेळी बोट वाळूवर बसवायची, सहाही प्लग उघडायचे, वड्या बघायच्या, डाव्या मागच्या कप्प्याच्या तुकड्यावर हात फिरवायचा आणि रजिस्टरमध्ये सही करायची. कप्प्यातून पाणी निघाले तर किती आणि खारट की गोडे, ते लिहायचे. दोघा-दोघांची पाळी लावली आहे, यादी ऑफिसच्या दारावर आहे. ज्यांना स्वतःसाठी जुनी पाँटून घ्यायची आहे त्यांनी पाळी नसली तरी पुढच्या अमावस्येला यावे, उघडी बोट बघायला मिळेल. पाना संस्थेचा आहे, गमबूट मात्र आपापले आणा.